चोवीस मेगापिक्सेलच्या पलीकडचे आकडे

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत २४ मेगापिक्सेल छापलेले असते. त्याच कॅमेऱ्यावर ४के व्हिडिओ घेतला की प्रत्येक फ्रेम ३८४० × २१६० पिक्सेलची निघते, म्हणजे ८.३ मेगापिक्सेलची. फुल एचडी घेतला तर २.१. फोटोचे म्हणाल, तर ए-४ कागदावर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला ८.७ मेगापिक्सेल लागतात. लग्नाच्या बारा-छत्तीस अल्बमचे अख्खे पान एकाच फोटोने भरले, तर २४ मेगापिक्सेलच्या फोटोची ६००० पिक्सेलची रुंदी ३६ इंचांवर पसरते आणि इंचाला १६६ ठिपके मिळतात. मांडीवर ठेवून चाळायच्या अल्बमला तेवढे पुरते, आणि अशी पाने अल्बममध्ये दोन-चारच असतात.

आता बाजारातल्या परवडणाऱ्या बॉडी पाहा. कॅननचा आर५० २४.२ मेगापिक्सेलचा, सोनीचा झेडव्ही-ई१० तेवढाच, निकॉनचा झेड३० २०.९ चा, फुजीफिल्मचा एक्स-एम५ २६.१ चा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्या रुंदीत फरक किती? ५५६८ आणि ६२४० पिक्सेल, म्हणजे १२ टक्के. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. थोडक्यात, दुकानात पहिला विचारला जाणारा आकडा निवडीच्या कामाचा उरलेला नाही. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करायचे असतील तर कामाचे आकडे वेगळे आहेत, आणि त्यातले बरेचसे खोक्यावर छापलेले नसतात.

‘परवडणारा’ म्हणजे इथे लेन्स, माइक, कार्ड सगळे धरून एक लाखाच्या आत-बाहेर. हा कप्पा अरुंद होत चालला आहे, त्याचे कारणही आकड्यांतच आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या ‘सिपा’ या संघटनेच्या नोंदीनुसार २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; २०२४ मध्ये सुमारे ८५ लाख. शंभरातले त्र्याण्णव गेले, आणि ते फोनने नेले. उरलेल्या बाजारात कंपन्यांचा जीव महागड्या बॉडींमध्ये अडकला आहे. स्वस्त बॉडी निघते, पण तिच्यात कुठेतरी कात्री लावलेली असते. नाहीतर वरच्या पायरीचा कॅमेरा कोण घेणार? खरेदी करणाऱ्याचे काम एवढेच की ही कात्री नेमकी कुठे लागली आहे ते शोधायचे आणि आपल्या कामाला तिथे धक्का बसतो का ते पाहायचे.

सगळ्यात मोठी कात्री दिसते ती क्रॉपमध्ये. कॅननने २०२३ मध्ये आर५० आणि आर१०० असे दोन कॅमेरे आणले. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींवर तीच १८-४५ मिमीची किट लेन्स. १८ मिमीला कॅननचा १.६ हा सेन्सरचा गुणक लावला की फुल फ्रेमच्या हिशेबात २८.८ मिमी येतात. फोटोत दोघेही सारखेच दाखवतात. ४के लावले की आर५० सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो. आर१०० मात्र सेन्सरचा मधला तुकडाच घेतो, १.५५ चा आणखी एक गुणक लावून. २८.८ चे ४४.६ मिमी होतात. आता एखाद्या फ्लॅटचे स्वयंपाकघर घ्या, जिथे भिंतीला पाठ टेकवूनही ओट्यापासून सात फुटांच्या मागे जाता येत नाही. आर५० मध्ये पावणेनऊ फुटांचा ओटा फ्रेममध्ये मावतो, शेगडी, सिंक आणि पोळ्या लाटणाऱ्या बाई सगळे धरून. आर१०० मध्ये साडेपाच फूट. शेगडी ठेवायची की बाई, हे ठरवावे लागते. शिवाय ४के घेताना आर१०० चा वेगवान ऑटोफोकसही बंद पडतो आणि जुन्या, चाचपडत फोकस शोधणाऱ्या पद्धतीवर काम चालते. पत्रकावर मात्र दोघांपुढेही ‘४के’ असेच लिहिलेले.

सोनीच्या झेडव्ही-ई१० मध्ये कात्री अशीच आहे, फक्त तिची जागा मजेशीर आहे. सेकंदाला ३० फ्रेम लावल्या तर १.२३ पट क्रॉप होतो. २५ लावल्या तर पूर्ण रुंदी मिळते, वर सेन्सर ६के एवढी माहिती वाचून तिचे ४के करतो म्हणून चित्रही जास्त रेखीव येते. आपल्याकडे २५ हाच आकडा बरोबर आहे, आणि त्याचे कारण कॅमेऱ्यात नसून आपल्या विजेच्या तारांत आहे.

भारतात वीज ५० हर्ट्‌झची. ट्यूबलाइट आणि साध्या प्रतीचे एलईडी त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/५० ठेवले तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लाटा येतात, १/१०० ठेवले तर एक. चित्र स्थिर राहते. पण अमेरिकेतले व्हिडिओ पाहून शिकलेली मुले ३० फ्रेम आणि १/६० शटर लावतात. तिकडची वीज ६० हर्ट्‌झची, तिथे ते चालते. इथे प्रत्येक फ्रेममध्ये १.६७ लाटा पडतात आणि मंगल कार्यालयाच्या भिंतीवर काळे-पिवळे पट्टे सरकू लागतात. नवा कॅमेरा हातात आला की पहिले काम मेन्यूतली ६० हर्ट्‌झवाली एनटीएससी पद्धत काढून ५० हर्ट्‌झवाली पाल लावणे, मग २५ फ्रेम, शटर १/५०. याला एक रुपयाही लागत नाही, आणि व्हिडिओ ‘स्वस्त कॅमेऱ्याचा’ दिसण्याची निम्मी कारणे इथेच संपतात. (एलईडीच्या रंगीत पार्लाइट मंद केल्या की त्यांचा स्वतःचा वेगळाच ठेका असतो; तिथे शटर थोडे-थोडे हलवून पाहण्यावाचून इलाज नाही.)

हे १/५० शटरच फोटो आणि व्हिडिओ यांच्यातले खरे भांडण आहे. ‘४के व्हिडिओ घेऊ आणि त्यातूनच फोटो काढू’ असे बरेच जण म्हणतात. ८.३ मेगापिक्सेल म्हणजे ए-४ ला जवळजवळ पुरेसे, मग अडचण काय? अंतरपाट खाली गेला आणि अक्षता उडाल्या तो क्षण घ्या. अक्षता सेकंदाला तीन मीटर वेगाने जात असतील, तर १/५० सेकंदात त्या सहा सेंटिमीटर सरकतात. व्हिडिओत डोळ्यांना ते छान वाटते, हालचाल ओघवती दिसते. थांबवलेल्या फ्रेममध्ये मात्र तांदळाच्या दाण्याच्या जागी बोटभर लांब पांढरी रेघ असते आणि नवरीचा हात धुरकट. फोटोसाठी १/५०० लावले तर तोच दाणा सहा मिलिमीटर सरकतो, दाण्यासारखा दिसतो. मात्र १/५०० म्हणजे दहापट कमी उजेड. म्हणून दोन्ही कामे एकाच माणसाने करायची तर फोटो-व्हिडिओचा खटका एका बोटाने फिरतो का आणि दोन्हींचे शटर-ॲपर्चर वेगवेगळे लक्षात ठेवले जाते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

भर उन्हात हेच भांडण उलटे होते. जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे: कडक ऊन, आयएसओ १००, एफ/१६, शटर १/१००. त्यावरून एफ/२.८ ला फोटो काढायचा तर शटर १/३२०० वर जाते. सोपे काम. व्हिडिओत शटर १/५० वरच ठेवायचे आहे, म्हणजे ६४ पट उजेड जास्त आत येतो. तो अडवायला लेन्सपुढे काळी काच लावावी लागते: एनडी फिल्टर, ६४ नंबरचा किंवा फिरवून कमी-जास्त होणारा. बॉडीच्या किमतीपुढे ही खरेदी चिल्लर आहे, तरी नवख्यांच्या यादीत ती सहसा नसते.

आता उजेडाचा हिशेब. सेन्सरपर्यंत एकूण किती उजेड पोहोचला याचा ढोबळ अंदाज सेन्सरच्या क्षेत्रफळाला एफ-आकड्याच्या वर्गाने भागून येतो. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा आणि लेन्स एफ/१.८ ची: भागाकार येतो साधारण २२. सोनी, निकॉन, फुजीचा एपीएस-सी सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे ३६७ चौरस मिलिमीटर, फोनच्या पाचपट. त्यावर किट लेन्स लावून एफ/३.५ ला धरले तर भागाकार ३०. एवढा खर्च करून फोनच्या दीडपटसुद्धा नाही. त्याच लेन्सने झूम केले की ती एफ/५.६ वर येते आणि भागाकार १२ वर घसरतो, फोनच्या निम्मा. घरगुती हळदीचे फोटो ‘माझ्या फोनमध्येच चांगले आलेत’ असे मामी म्हणतात, तेव्हा त्या खोटे बोलत नसतात. फोन फोटोसाठी चार-सहा फ्रेम एकावर एक रचतो तो फायदा वेगळाच.

त्याच बॉडीवर एफ/१.८ ची लेन्स चढवा. ३६७ भागिले ३.२४: ११३. फोनच्या पाचपट, आणि झूम केलेल्या किट लेन्सच्या जवळजवळ दहापट. जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ६४० वर भागते. दुसरीकडे, महागडी फुल फ्रेम बॉडी घेतली, सेन्सर ८६४ चौरस मिलिमीटरचा, पण पैसे संपले म्हणून एफ/४ ची लेन्स लावली, तर भागाकार ५४. एपीएस-सीवरच्या एफ/१.८ च्या निम्म्याहून कमी. मोठा सेन्सर २.४ पट देतो, उघडी लेन्स दहापट. शिल्लक पैसा कुठे घालायचा याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे आणि त्यावर मला तरी वाद घालण्यासारखे काही दिसत नाही.

म्हणून बॉडीआधी माउंटची चौकशी करावी. सोनीच्या ई-माउंटसाठी इतर कंपन्यांच्या लेन्सची रांग सर्वांत मोठी आहे. सिग्माची १८-५० मिमी एफ/२.८ सोनीसाठी २०२१ मध्ये आली. कॅननने आपल्या आरएफ माउंटचे दार इतरांच्या एपीएस-सी लेन्ससाठी २०२४ मध्ये किलकिले केले आणि मग तीच सिग्मा तिथेही मिळू लागली. निकॉन झेडवर सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिमीच्या तीन एफ/१.४ लेन्स २०२३ पासून आहेत. सुरुवातीला ३०-३५ मिमीची एकच उघडी लेन्स घ्यावी. एपीएस-सीवर ती पन्नाशीच्या आसपासचे दृश्य दाखवते, जेवणाच्या पंगतीपासून मुलाखतीपर्यंत चालते.

स्थिरीकरणाबद्दल थोडक्यात. वर नाव घेतलेल्या एकाही बॉडीत सेन्सर हलवून हादरे झेलण्याची सोय नाही. किट लेन्समध्ये थोडी असते, स्वस्त उघड्या लेन्समध्ये सहसा नसते. सॉफ्टवेअरचे स्थिरीकरण पुन्हा क्रॉप खाते. चालत-चालत व्हिडिओ हा प्रकार या बजेटमध्ये मनातून काढून टाकावा किंवा मोनोपॉड घ्यावा.

रंगांच्या बिटांचा आकडा हल्ली जाहिरातींत फार नाचवला जातो. ८ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १० बिट म्हणजे १०२४. एकूण रंग १ कोटी ६८ लाख विरुद्ध १०७ कोटी. ऐकायला प्रचंड वाटते. लग्न, शाळेचे गॅदरिंग, रेसिपी यांत रंग जागच्या जागी नीट धरले तर ८ बिट पुरते. लॉग, म्हणजे रंग मुद्दाम फिके ठेवणारी पद्धत, लावून नंतर रंगांशी खेळणाऱ्यालाच १० बिटांची गरज. फोटो रॉमध्ये काढा, तिथे १४ बिटांपर्यंत, म्हणजे १६,३८४ छटा या स्वस्त बॉडीसुद्धा देतात.

आवाजाचे गणित उजेडापेक्षाही निर्दयी आहे. अंतर दहापट झाले की आवाजाची तीव्रता शंभरावा भाग उरते. कॅमेऱ्यावरचा माइक बोलणाऱ्यापासून दोन मीटरवर, कॉलर माइक वीस सेंटिमीटरवर: २० डेसिबलचा फरक, तोही पंख्याची घरघर आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न तेवढेच ठेवून. लोक हलते चित्र माफ करतात, न कळणारे बोलणे करत नाहीत. माइकची खाच या सगळ्या बॉडींना आहे. हेडफोनची मात्र झेडव्ही-ई१० आणि एक्स-एम५ ला आहे, आर५० आणि झेड३० ला नाही. किती छोटी कात्री! पण माइकची वायर सुटली आहे हे घरी जाऊन कळणे वाईटच.

वेळेचे आकडे कामानुसार बघावेत. आर५० एका दमात एक तास रेकॉर्ड करतो आणि थांबतो. झेड३० दोन तासांच्या थोडा पुढे, १२५ मिनिटे जातो. कीर्तन किंवा नाटकाचा लांबलेला पहिला अंक सलग घ्यायचा तर हा फरक कामाचा. जुन्या वापरलेल्या बॉडींत तर २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा सापडते. ती यंत्राची नव्हती: अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याला युरोपात व्हिडिओ कॅमेरा मानून जादा आयातशुल्क लागे, म्हणून कंपन्या एक सेकंद आधीच थांबत. बॅटरीत झेडव्ही-ई१० ची ताकद ७.३ वॉट-तास, तर २०२४ च्या झेडव्ही-ई१० टू मध्ये १६.४. या नव्या बॉडीत १० बिट आणि ४के ६० फ्रेम आहेत, पण यांत्रिक शटर काढून टाकले आहे. फ्लॅशवर लग्नाचे फोटो काढणाऱ्याने तिच्याकडे न पाहिलेले बरे. व्हिडिओ सुधारताना फोटोला कात्री लावल्याचा याहून ठळक दाखला नाही. आणखी एक आकडा सगळ्यांच्या माहितीपुस्तिकेत सारखाच आहे: चालवण्याचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस. मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरच्या मांडवात तो सकाळी अकरालाच मागे पडतो. तिथे कॅमेरा सावलीत ठेवणे, स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवणे आणि सलग चाळीस मिनिटांऐवजी दहा-दहा मिनिटांचे तुकडे घेणे एवढेच हातात असते.

कार्डावर मात्र लोक उगाच पैसे उडवतात. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. व्ही३० छापलेले कार्ड किमान ३० देते. व्ही९० ची या बॉडींना गरज नाही. तासाला ४५ जीबी भरतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात पावणेतीन तासांहून थोडे जास्त. सहा तासांचे लग्न २७० जीबी, दोन प्रती ठेवल्या तर ५४०. हार्ड डिस्कचा खर्च कॅमेऱ्याच्या खात्यातच धरा.

एक लाखाची वाटणी मी अशी करेन: किट लेन्ससह बॉडीला ६० ते ६५ टक्के, उघड्या लेन्सला १५ ते २०, आवाजाला ७-८, उरलेल्यात दुसरी बॅटरी, दोन कार्डे, एनडी आणि बरा ट्रायपॉड. यात फोटो निम्मे किंवा जास्त असतील तर व्ह्यूफाइंडर हवाच, दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही. म्हणून आर५०, किंवा पैसे ताणता आले तर निकॉनचा झेड५० टू. व्हिडिओ ऐंशी टक्के असेल तर जुना झेडव्ही-ई१० अजूनही हिशेबात बसतो, त्याच्या लेन्समुळे. झेड३० वर व्ह्यूफाइंडर नाही, तरी घरात बसून शिकवणीचे वर्ग किंवा रेसिपी करणाऱ्याला त्याची उणीव भासणार नाही. आर१०० मी सुचवणार नाही.

विनाबिल माल स्वस्त वाटतो, तिथे जीएसटी मांडून पाहावा. कॅमेऱ्यांवर तो २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला. १,१८,००० च्या बिलात १८,००० कर असतो. व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल तर ते क्रेडिट म्हणून मिळतात आणि वस्तू एक लाखाला पडते. मग विनाबिल १,०५,००० ला मिळणारी तीच वस्तू पाच हजारांनी महाग झाली, वॉरंटी गेली ती वेगळीच. नोंदणी नसलेल्याला हे गणित लागू नाही, त्याने वॉरंटीपुरता विचार करावा.

मुंबईत फोर्टला बोरा बाजारात किंवा आपल्या गावच्या दुकानात जाताना स्वतःचे कार्ड खिशात ठेवा. पाल, ४के, २५ फ्रेम, १/५० लावा, लेन्स सर्वांत रुंद करा आणि दुकानाच्याच ट्यूबलाइटखाली आधी फोटो, मग जागेवरून न हलता व्हिडिओ घ्या. दोन्हींच्या कडा जुळतात का पाहा, की क्रॉप कळला. वापरलेली बॉडी असेल तर शटर काउंट विचारा. या वर्गातल्या यांत्रिक शटरचे आयुष्य साधारण एक लाख क्लिकचे धरतात. पण व्हिडिओचे तास त्या आकड्यात येत नाहीत. पाच हजार क्लिकचा ‘नवाकोरा’ कॅमेरा दोन वर्षे रोज चार तास यूट्यूबसाठी चाललेला असू शकतो. त्यासाठी स्क्रीनची बिजागरी उघडझाप करून पाहा, माइकची पिन खाचेत घालून हलक्या हाताने हलवा आणि खरखर येते का ते ऐका, लेन्सवर झाकण लावून मिनिटभर व्हिडिओ घ्या आणि काळ्या पडद्यावर रंगीत ठिपके चमकतात का ते मोजा.